नेतृत्व हा विषय शिकून माणूस खरंच बदलतो का?

मांजराकाठ:

नमस्कार. मी लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय राज्यशास्त्र. गाव औसा तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. इथे वसतिगृहात राहतो.

या सत्रात दोन श्रेयांकांचा एक विषय निवडायचा आहे. यादीत 'नेतृत्वविकास' आहे. वर्गातली बहुतेक मुलं संगणकाचा विषय घेतायत, कारण त्याचा उपयोग डोळ्यांना दिसतो. मला मात्र हा विषय ओढतोय आणि का ओढतोय ते नीट सांगता येत नाही. घरी फोनवर सांगितलं तर वडील म्हणाले, "पुढारी व्हायचंय का? त्यापेक्षा तलाठ्याच्या परीक्षेचं बघ." त्यांचंही चुकत नाही. आमच्या गावात पुढारी म्हणजे पंचवार्षिकला दिसणारा माणूस, आणि त्यासाठी कुणी अभ्यास केल्याचं ऐकिवात नाही.

माझा स्वभाव असा की चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर जात नाही. गेल्या महिन्यात रेक्टर सरांनी वसतिगृहाच्या मेस समितीत माझं नाव टाकलं, बहुधा मी कुणाशी भांडत नाही म्हणून. बैठक लावली की तक्रार करायला वीस जण येतात. मेन्यू ठरवायचा, खानावळवाल्याशी बोलायचं, हिशेब बघायचा म्हटलं की मी आणि भिंत.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा विषय शिकून गुणपत्रिकेच्या पलीकडे कुणाला काही मिळालंय का? आणि माझ्यासारख्या मागच्या बाकावरच्या मुलानं तो घ्यावा का? ज्यांनी प्रत्यक्ष शिकलाय त्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.

नाशिकचा_कॅडेट:

मित्रा, वर्गात बसून नेतृत्व शिकण्यापेक्षा एनसीसीत ये. पहिल्या वर्षी मला आवाज फुटत नव्हता. आमचे सुभेदार साहेब दोन कॅडेटना मैदानाच्या दोन टोकांना उभं करायचे आणि एकमेकांना वर्ड ऑफ कमांड द्यायला लावायचे. 'सावधान' म्हटलं आणि समोरचा हलला नाही तर समजायचं की आवाज पोचला नाही. तिसऱ्या वर्षी सी प्रमाणपत्र मिळालं तेव्हा अख्ख्या कंपनीसमोर उभं राहताना काही वाटेनासं झालं होतं. कॅम्पमध्ये तंबू, जेवणाची रांग, आजारी पडलेला पोरगा, सगळं तुमच्या अंगावर असतं. नेतृत्व असं अंगानंच शिकायचं असतं असं माझं मत. दुसऱ्या वर्षाला भरती मिळेल की नाही ते तुझ्या कॉलेजच्या एएनओंना, म्हणजे एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना विचार.

सावित्रीखोरं:

मांजराकाठ, तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. मी पोलादपूर तालुक्यातली. सध्या रायगड जिल्ह्यातच ग्रामसेविका आहे. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून मला ग्रामसेविकाच म्हणतात. एम.ए.ला राज्यशास्त्र होतं आणि दुसऱ्या वर्षाला नेतृत्वावर अख्खा एक पेपर होता. मी तो घेतला तेव्हा तुझ्यासारखीच मागच्या बाकावर बसणारी होते. आज जी काही आहे त्यात त्या पेपरचा वाटा फार मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नाशिकच्या दादांचं म्हणणं मला पटतं, कवायतीनं धीर येतो. पण तुझ्या मेस समितीचा प्रश्न आवाज पोचण्याचा नाही. तिथं तू 'सावधान' म्हटल्यावर कुणी सावधान होणार नाही, कारण कुणाला तुझं ऐकण्याची सक्ती नाही. सक्ती नसताना माणसं एखाद्या कामाला का लागतात, हे समजून घ्यायला अभ्यास लागतो.

आमचे सुरुवातीचे आठवडे सिद्धांतांत गेले. मॅक्स वेबरनं सांगितलेले अधिकाराचे तीन आधार: परंपरा, व्यक्तीचं वलय आणि कायदा. मग जेम्स मॅकग्रेगर बर्न्स या अमेरिकन अभ्यासकानं १९७८ मध्ये मांडलेला फरक: एक नेतृत्व देवाणघेवाणीवर चालतं, मत दे आणि रस्ता घे, दुसरं असं की त्यात नेता आणि त्याच्या मागचे लोक दोघंही आधीपेक्षा वरच्या पायरीवर जातात. हे वाचताना पटायचं, पण परीक्षेपुरतं. त्याचा माझ्याशी संबंध जोडला तो मॅडमनी दिलेल्या एका कामानं.

त्यांनी महाडचा १९२७ चा सत्याग्रह दिला. निबंध लिहायचा नाही म्हणाल्या, तक्ता करायचा. पहिल्या रकान्यात काम, दुसऱ्यात ते कुणी केलं, तिसऱ्यात ते झालं नसतं तर काय अडलं असतं. मी मनात म्हटलं, हे तर आपल्या दारातलं आहे. पोलादपूरहून कॉलेजला जाताना एसटी महाडवरूनच जायची. चवदार तळं शाळेच्या सहलीत पाहिलेलं, २० मार्चची गर्दी दरवर्षी पाहिलेली. बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला आणि इतिहास घडला, एवढं आम्हाला पाठच होतं.

तक्ता भरायला बसले आणि त्या एका ओंजळीच्या मागची रांग दिसायला लागली. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला तो ऑगस्ट १९२३ मध्ये. महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. म्हणजे कागदावर तळं तीन वर्षं खुलं होतं आणि एकालाही त्यातलं पाणी पिता येत नव्हतं! माझ्या तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं: ठराव नसता तर कायद्याची बाजू पांगळी झाली असती. आणि त्याखाली: नुसत्या ठरावानं काहीच झालं नाही.

मग रामचंद्र बाबाजी मोरे. याच भागातले, मार्च १९२७ मध्ये महाडला अस्पृश्यांची परिषद भरली तेव्हा वय अवघं २४. महाडला परिषद व्हावी म्हणून बाबासाहेबांकडे पाठपुरावा करणारे आणि गावोगावी बैठका घेऊन माणसं तयार करणारे. मी त्याच वयाच्या आसपास होते आणि मोरेंचं नाव मला ठाऊक नव्हतं, माझं गाव तिथून हाकेच्या अंतरावर असून. मग सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही परिषदेला साथ देणारी माणसं. परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, कारण अस्पृश्यांना पाणी भरता येईल असा पाणवठाच त्या गावात नव्हता. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. स्थानिक व्यापारी माल देईनात म्हणून धान्य बाहेरून आणावं लागलं.

आता विचार कर, ते धान्य शिजवलं कुणी? पाणी वाहून आणलं कुणी? त्या ओळींत माझ्याकडे नाव नव्हतं. मी त्या ओळी खोडायला निघाले तर मॅडम म्हणाल्या, खोडू नकोस, नाव सापडलं नाही म्हणून काम झालंच नाही असं होत नाही, रकाना रिकामा ठेव. तो रिकामा रकाना माझ्याबरोबर राहिला. आजही कुठलंही काम पाहिलं की माझी नजर आधी तिकडे जाते: हे होतंय त्यात नाव नसलेलं कोण आहे?

आणखी एक जागा सांगते, कारण तिथं माझी नेतृत्वाची कल्पनाच उलटीपालटी झाली. २० मार्चला तळ्यावर पाणी पिऊन लोक परतले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात पसरली आणि मांडवात जेवत असलेल्यांवर, गावात विखुरलेल्यांवर हल्ला झाला. माणसं जखमी झाली. बाबासाहेब सरकारी बंगल्यात होते. त्यांच्याभोवती जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेली, हातात लाठी घेतलेली माणसं होती आणि एका शब्दाची वाट बघत होती. तो शब्द त्यांनी दिला नाही. शांत राहा म्हणाले आणि लोक शांत राहिले.

डिसेंबरात तर त्याहून अवघड. पुन्हा तळ्यावर जायचं म्हणून माणसं लांबलांबून आलेली, तुरुंगात जायच्या तयारीनं. ऐनवेळी सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. परिषदेत चर्चा झाली, बहुसंख्य लोक सत्याग्रह करायचाच या मताचे होते. बाबासाहेबांनी स्वतः उभं राहून सत्याग्रह पुढे ढकलायला लोकांना राजी केलं. भांडण सनातन्यांशी आहे, न्यायालयाचा हुकूम मोडून सरकारला विरोधात उभं करायचं नाही, ही भूमिका. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून शांतपणे परत आली. मनुस्मृतीचं दहन याच परिषदेत, २५ डिसेंबरला झालं, म्हणजे धार कुठेही कमी नव्हती. खटला पुढे जवळजवळ दहा वर्षं चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला.

मला तोवर वाटायचं की नेता म्हणजे लोकांना पेटवणारा. इथं एक माणूस पेटलेल्या लोकांना, त्यांचा अपमान न करता, थांबवत होता आणि लोक त्याचं ऐकत होते. का ऐकत होते याचं उत्तर शोधताना मला तक्त्याच्या वरच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचाव्या लागल्या. तो विश्वास त्या एका संध्याकाळी तयार झालेला नव्हता. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, त्यानंतरची वसतिगृहं, वाचनालयं, गावोगावच्या बैठका, हे सगळं त्या विश्वासाच्या खाली होतं. अभ्यासाचा उपयोग मला इथं झाला. समोरचं दृश्य सगळ्यांना दिसतं, त्याच्या खालची वर्षं वाचूनच कळतात.

आता माझ्यात काय बदललं ते. मी काही भाषण गाजवणारी झाले नाही. ग्रामसभेत आजही हातात टिपण असतं आणि मी ते बघून बोलते. पण आधी मला वाटायचं की भाषण येत नाही तर आपला नेतृत्वाशी काय संबंध? तक्त्यातली निम्मी कामं मला येत होती: नोटीस लिहिणं, वेळेवर पोचवणं, इतिवृत्त नीट ठेवणं, कोण आलं नाही ते बघणं. ती कामं नेतृत्वाचीच आहेत हे कळलं आणि पाठीचा कणा ताठ झाला.

एक प्रसंग लिहिते. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायद्यात आहे. पण पुष्कळ ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि सभा झाली असं लिहिलं जातं. मी रुजू झाले त्या गावात तसंच चालायचं. मी आधी बायकांना विचारलं, तुम्हाला कधी जमेल? लावणी आटोपल्यावर, दुपारी चारला, शाळेच्या पडवीत, असं त्यांनीच ठरवलं. विषय होता नळपाणी योजनेच्या टाकीची जागा. पुढे बसलेल्या तीनचार जणी बोलल्या, बाकीच्या ऐकत होत्या. दाराशी एक आजी बसलेल्या, मांडीवर पानाची पिशवी, अख्ख्या सभेत एक शब्द नाही. सभा संपताना मी इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवलं. ही माझी सवय, तक्त्यातून आलेली. वाचून विचारलं, बरोबर लिहिलंय का, काही राहिलंय का? आजींनी पिशवीची नाडी ओढत म्हटलं, "वरच्या वाडीला उन्हाळ्यात पाणी चढत नाही, ते कुठं लिहिलंस?"

सगळ्या जणी एकदम त्यांच्याकडे वळल्या. मग कळलं की जुन्या योजनेतही टाकी खालच्या अंगाला बांधली होती आणि वरच्या वाडीच्या बायका मार्चपासून हंडे घेऊन खाली उतरत होत्या. पुढे बसलेल्या सगळ्या खालच्या आळीतल्या, त्यांना तो प्रश्नच नव्हता. आजींचं वाक्य मी तिथंच त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं. ग्रामसभेत ते वाचलं गेलं, अभियंत्यांना जागा पुन्हा पाहावी लागली आणि टाकी वरच्या अंगाला झाली. त्या सभेत सगळ्यात मोठं काम कुणी केलं, मी की आजींनी? माझ्या मते आजींनी. पण वाचून दाखवलं नसतं तर ते वाक्य पिशवीबरोबर घरी गेलं असतं.

घरातही फरक पडला. बाबा एसटीत चालक होते, घरातले निर्णय त्यांचे आणि काकांचे. धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हटलं, आईला काय वाटतं ते आधी ऐकू या. आई बोलली. बाबांनी ऐकलं. आमच्या घरात ही लहान गोष्ट नव्हती.

विषय घेण्याआधी एक मात्र कर. अभ्यासक्रमाचा कागद मागून घे. त्यात नेत्याचे दहा गुण, व्यक्तिमत्त्व चाचण्या आणि थोर माणसांची चरित्रं दोनदोन पानांत असलं असेल तर माझं मत असं की तो विषय तुला काही देणार नाही, वेळ दुसरीकडे घाल. एखादी तरी घटना मुळापासून अभ्यासायला लावत असतील आणि एखादं प्रत्यक्ष काम करायला देत असतील, तर डोळे झाकून घे. तुझ्याकडे मेस समिती आहेच.

साताराकर_गुरुजी:

सावित्रीखोरं यांचं लिहिणं दोनदा वाचलं. मी निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा. वसतिगृह आणि मेस हे शब्द वाचून राहवलं नाही, कारण माझं स्वतःचं शिक्षण 'कमवा आणि शिका'मध्ये झालं.

बाळ, वसतिगृहाची खानावळ ही किरकोळ गोष्ट समजू नकोस. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. त्या काळात एका पंगतीत जेवणं म्हणजे काय होतं ते महाडच्या मांडवावरून तुझ्या लक्षात आलं असेलच. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं. आणि मुलांच्या पोटाला कमी पडू लागलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, आम्ही त्यांना रयतमाउली म्हणतो, अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. कर्मवीरांचं, आमच्या अण्णांचं, नाव महाराष्ट्रभर झालं. त्या बोर्डिंगातल्या चुलीजवळ कोण उभं होतं हेही शिकताना लक्षात ठेव. सावित्रीखोरं यांचा रिकामा रकाना तो हाच.

अभ्यासक्रमात कुर्ट लेविन यांचा प्रयोग असेल तर मन लावून वाच. १९३९ मध्ये लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी अमेरिकेत आयोवा इथे केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले, मुखवटे वगैरे बनवायचं काम दिलं. एका गटाचा प्रमुख सगळं स्वतः ठरवायचा, एकाचा मुलांशी बोलून ठरवायचा, एकाचा नुसता बसून राहायचा. प्रमुख खोलीबाहेर गेला की हुकूम सोडणाऱ्याच्या गटातलं काम एकदम मंदावायचं. बोलून ठरवणाऱ्याच्या गटातलं जवळजवळ तसंच चालू राहायचं. मी तीस-पस्तीस वर्षं वर्गावर उभा राहिलो. वर्ग कसा आहे हे मला नेहमी बाहेरून, खिडकीतून कळलं.

आमच्या काळी महाविद्यालयात निवडणुका व्हायच्या, त्यातून पोरं घडायची आणि बिघडायचीही. नव्वदच्या दशकात त्या बंद झाल्या. तेव्हापासून विद्यार्थ्याला सार्वजनिक काम हाताळायची जागाच फार थोडी उरली, याची मला मनापासून खंत आहे. तुझी मेस समिती ही तशी जागा आहे. सोडू नकोस.

मांजराकाठ:

ताई, गुरुजी, दादा, सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून मी रात्री आमच्या मेसचा तक्ता करून बघितला. पहाटे पाच वाजता पोळ्यांची कणीक मळायला दोन मावश्या येतात, त्यांची नावं मला माहीत नव्हती. आज विचारून घेतली. भाजी बाजारातून कोण आणतं तेही माहीत नव्हतं.

अभ्यासक्रमाचा कागद मागितला. त्यात चाचण्या आहेत, पण शेवटी 'समुदायातील एका संस्थेचा किंवा गटाचा अभ्यास' असा प्रकल्प आहे आणि त्याला निम्मे गुण आहेत. सर म्हणाले, मेस घेतलीस तरी चालेल. म्हणून विषय घेतोय. वडिलांना सांगितलं की तलाठी झालो तरी लोकांतच बसावं लागणार. ते म्हणाले, बघ बाबा.

अडचण एकच. मुलं बैठकीला येतच नाहीत, आली तर ओरडून जातात. मुख्य भांडण रविवारच्या ज्वारीच्या भाकरीवरून आहे. आम्हा गावाकडच्या मुलांना भाकरी हवी, काहींना नको, आणि खानावळवाले म्हणतात भाकरीला बाई जास्त लागते, परवडत नाही. सुरुवात कुठून करू?

नाशिकचा_कॅडेट:

मावश्यांची नावं विचारलीस हे भारी केलंस. आमच्या कॅम्पमध्ये लंगरच्या भय्यांना सगळे नावानं हाक मारायचे आणि त्यांचं काम अडलं की आम्ही धावायचो. वरचं महाडचं मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तक्ता मीही करून बघणार आहे, आमच्या वस्तीच्या गणपती मंडळाचा.

सावित्रीखोरं:

छान सुरुवात केलीस. भाकरीचा निर्णय पहिल्या बैठकीत घ्यायचाच नाही, हे आधी ठरव.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथली ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीनं घेते, बहुमतानं नाही. आणि ग्रामसभेच्या बाहेर अभ्यासगट चालतात. अभ्यासगटात कुठलाच निर्णय होत नाही, फक्त माहिती गोळा करायची, ज्याला जे कळलं ते मांडायचं. निर्णयाचं ओझं नसलं की माणसं भांडत नाहीत, बोलतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी मिळून तिथे काम उभं केलं, त्याबद्दल प्रकल्पासाठी जरूर वाच.

तू तेच कर. पाचसहा जणांचा अभ्यासगट, त्यात भाकरी नको म्हणणारे दोघं तरी हवेत. गेल्या महिन्यात किती ताटं झाली, पीठ किती लागलं, एक भाकरी थापून भाजायला किती वेळ जातो, मावश्यांना रविवारी किती वाजता घरी जायचं असतं, हे सगळं लिहून काढा. खानावळवाल्यांशी भांडायला जाऊ नका, त्यांचा हिशेब समजून घ्यायला जा. 'परवडत नाही' म्हणजे नेमकं किती रुपयांना परवडत नाही, हा आकडा त्यांच्याकडूनच घ्या.

मग बैठकीची नोटीस. 'मेसच्या अडचणींवर चर्चा' असं लिहिलंस तर पुन्हा तक्रारीच येतील. नोटिशीवर एकच विषय लिही: 'रविवारी भाकरी ठेवायची झाल्यास वाढीव खर्च व मदतीची पाळी.' खाली आकडे दे. दोन दिवस आधी जेवणाच्या रांगेजवळ लाव, फलकावर कुणी वाचत नाही. वेळ जेवणानंतरची ठेव, आधीची ठेवलीस तर भुकेली पोरं चिडतील.

बैठकीत तू कमीच बोल, तुझा स्वभाव इथं कामाला येईल. अभ्यासगटातल्या प्रत्येकाला एकएक आकडा सांगायला दे. सहमती झाली नाही तर मत घेऊ नका, पुढच्या आठवड्यावर ढकला. दोन बैठका जास्त झाल्या तरी चालतील, पण अर्धी मेस हरल्यासारखी ताटावर बसली तर ती भाकरी फार दिवस टिकत नाही. शेवटी जे ठरलं ते उभं राहून वाचून दाखव आणि काही राहिलंय का विचार. विचारल्यावर लगेच वही मिटू नकोस, थोडा वेळ थांब. उशिरा बोलणारी माणसं तेवढ्याच वेळात बोलतात.

आणि त्या दोन मावश्या बैठकीत हव्यात. भाकरी थापायची त्यांना आहे, ठरवताना त्या बाहेर भांडी घासत असतील तर काय उपयोग? त्यांना बसण्यासाठी खानावळवाल्यांची आणि रेक्टर सरांची परवानगी लागेल. ती तोंडी घेऊ नकोस. साधा अर्ज लिही, त्यात मावश्यांचा तो तास कामाच्या वेळेत धरावा असं स्पष्ट लिही, म्हणजे त्यांचा पगार कापला जाणार नाही, आणि दोघांच्या सह्या बैठकीच्या आधी घेऊन ठेव.